ही कानबाई नव्हे, हा ‘तिमकत’! इथियोपियाच्या सुट्टीचं आणि सुरतेचं 1664 चं नातं

सुरत (गोडादरा), प्रतिनिधी :

जानेवारीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. पांढऱ्या कपड्यांतल्या हजारो बाया, मोठाले ढोल, जरीकाम केलेल्या रंगीत छत्र्या आणि त्या छत्र्यांखाली डोक्यावर काहीतरी झाकून सावकाश चालणारे पुजारी. पुढे पाण्याचा मोठा हौद. माणसं सगळी आफ्रिकेतली. खाली कोणीतरी लिहिलं, “ही कुठली कानबाई?” त्यावर हसण्याच्या खुणांचा पाऊस पडला.

शेजारच्या आक्का घरी साड्यांचे धागे कापायचं काम करतात. त्यांनी मात्र तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि मला विचारलं, “भाऊ, डोक्यावरच नेतात ना? रात्रभर जागतात ना? मग हसायचं काय त्यात?” प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा वाटलं होतं दोन ओळींत काम होईल. शोधता शोधता मी इथियोपियाहून परत सुरतेतच आलो, तेही थेट शिवरायांच्या पहिल्या स्वारीच्या दिवसांत. ते पुढे सांगतो. आधी सण समजून घेऊ.

व्हिडिओतला सण ‘तिमकत’. इथियोपियाच्या अम्हारी भाषेत तिमकत म्हणजे बाप्तिस्मा, पाण्याने दिलेली दीक्षा. येशू ख्रिस्ताने जॉर्डन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, त्याची ही आठवण. दरवर्षी 19 जानेवारीला हा सण येतो आणि त्या दिवशी इथियोपियात देशभर सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे ख्रिस्ती सण म्हटलं की नाताळ आणि गुड फ्रायडे एवढंच डोक्यात येतं. इथियोपियात नाताळही आहे, तो 7 जानेवारीला, त्याच्या आधी 43 दिवसांचा उपवास असतो. पण रस्त्यावर उतरून, गावच्या गाव लोटून जो सण होतो तो तिमकत. 2019 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

इथियोपिया हा जगातल्या सगळ्यात जुन्या ख्रिस्ती देशांपैकी एक. चौथ्या शतकात अक्सुमच्या एझाना राजाने हा धर्म स्वीकारला. युरोपातल्या कितीतरी देशांच्या आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे तिथला ख्रिस्ती धर्म गोऱ्या साहेबाने नेलेला नाही. त्यांचं चर्च वेगळं, पूजेची ‘गीझ’ ही जुनी भाषा वेगळी, कालगणना वेगळी. 2007 च्या जनगणनेत या ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक 43.5 टक्के होते आणि मुसलमान सुमारे 34 टक्के. सुट्ट्यांच्या यादीत दोघांचेही सण आहेत.

डोक्यावर काय असतं?

आक्कांचा खरा प्रश्न हाच होता. त्याला ‘ताबोत’ म्हणतात. देवाने मोशेला दहा आज्ञा दगडी पाट्यांवर लिहून दिल्या आणि त्या पाट्या सोन्याने मढवलेल्या पेटीत ठेवल्या, ही बायबलमधली कथा. ती मूळ पेटी आज अक्सुमच्या मरियमच्या चर्चमध्ये आहे, अशी इथियोपियन लोकांची श्रद्धा आहे. आणि तिथल्या प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात त्या पाट्यांची लाकडी किंवा दगडी प्रतिकृती असते. तोच ताबोत. तो नसेल तर ती इमारत चर्चच नाही. एरवी गाभाऱ्यात पुजाऱ्यांशिवाय कोणाला प्रवेश नाही. तिमकतला ताबोत बाहेर येतो, तोही भरजरी कापडात पूर्ण गुंडाळून, पुजाऱ्याच्या डोक्यावर. म्हणजे लोक ज्याच्यासाठी एवढी गर्दी करतात ते दिसत नाहीच. दिसतं ते कापड.

सण सुरू होतो आदल्या दिवशी दुपारी. त्या दिवसाला ‘केतेरा’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ पाणी अडवणं, बांध घालणं. नदी-ओढा जवळ असेल तर त्याला बांध घालून पाणी साठवायचं, नसेल तर हौद भरायचा. मग गावातल्या एकेका चर्चचा ताबोत निघतो. वाटेत दुसऱ्या चर्चची मिरवणूक येऊन मिळते, मग तिसरी. ‘केबेरो’ नावाचा गळ्यात अडकवायचा मोठा ढोल, हातात चांदीच्या किंवा पितळेच्या खुळखुळ्यासारखं ‘त्सेनात्सिल’, आणि गाणाऱ्या पुजाऱ्यांच्या हातात लांब काठ्या. काठी वर-खाली करत, पाऊल मोजत ते एका ठेक्यात डोलतात. पाहताना मला दिंडीतली पावली आठवली, फक्त यांची लय फार संथ. घाई कुठेच नाही.

पाण्याजवळ तंबू ठोकलेले असतात. ताबोत रात्री तिथे मुक्कामाला. लोकही घरी जात नाहीत. घोंगड्या, चादरी, मेणबत्त्या, शेकोट्या. जानेवारीत गोंदर किंवा अदिस अबाबाला रात्री चांगलीच थंडी असते, ही शहरं दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर आहेत. मध्यरात्र उलटली की प्रार्थना सुरू होते. उजाडायच्या वेळी मुख्य पुजारी पाण्याला आशीर्वाद देतो, क्रूस पाण्यात बुडवतो. मग ते पाणी लोकांवर उडवतात. पूर्वी बादल्यांनी, आता कितीतरी ठिकाणी चक्क पाइप लावून. तरुण पोरं तोपर्यंत दम धरत नाहीत, कपड्यांसकट उड्या टाकतात. ज्याचा त्याचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला असतो, हा त्याचा दरवर्षीचा नूतनीकरणाचा दिवस समजा. दुपारी ताबोत परत आपापल्या चर्चकडे निघतात. संत मिखाएलच्या चर्चचे ताबोत मात्र एक दिवस जास्त थांबतात आणि 20 तारखेला परततात. त्या दिवशी काना गावच्या लग्नाची आठवण असते, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षरस केला.

आता आपली कानबाई बघा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या आणि सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जन. गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना, जिथे जिथे खानदेशी माणूस राहतो तिथे सुरतेत त्या सोमवारी रस्ते भरलेले असतात. रचना तीच: देव घरातून निघतो, रात्र जागवतो, पाण्यापाशी येतो. फरक एवढाच की आपली कानबाई पाण्यात जाते आणि त्यांचा ताबोत पाण्याला भेटून घरी परततो. म्हणून आक्का चुकल्या नव्हत्या. रोटसुद्धा सापडला! ‘दिफो दाबो’ नावाची जाडजूड गोल पाव-भाकर ते सणाला भाजतात, पानांत गुंडाळून. एरवीचं जेवण म्हणजे ‘इंजेरा’, तेफ नावाच्या नाचणीहून कितीतरी बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेलं मोठं जाळीदार घावन.

कपड्यांचं सुरतवाल्यांना वेगळं सांगायला नको. तिमकतला नवीन कपडा पाहिजेच. तिमकतला नेसला नाही तो झगा फाटून गेला तरी चालेल, अशा अर्थाची म्हणच आहे त्यांच्यात. पांढरं सुती कापड, काठाला रंगीत विणकाम. बायकांच्या त्या पोशाखाचं नाव ‘हबेशा केमिस’. हबेशा म्हणजे तिथलीच माणसं. आपला ‘हबशी’ शब्द याच घरातला, अरबी वाटेने आपल्याकडे आलेला. आणि पोरांची एक जुनी रीत: जी मुलगी आवडली तिच्या अंगावर लिंबू फेकायचं. तिने ते उचललं तर गाडी पुढे जाते. आमच्या ग्रुपवर ही माहिती टाकल्यावर तरुण मंडळींनी तिमकत साजरा करायची तयारी दाखवली, ते सोडा.

तारखेचा घोळ

19 जानेवारीच का? इथे जरा हिशेब आहे. कॉमर्सवाल्याला हिशेब दिसला की राहवत नाही, त्यामुळे दोन मिनिटं सहन करा.

इथियोपियाचं वर्ष 13 महिन्यांचं. 12 महिने प्रत्येकी 30 दिवसांचे, आणि तेरावा महिना ‘पागुमे’, तो 5 दिवसांचा. दर चौथ्या वर्षी 6 दिवसांचा. त्यांचं नवं वर्ष आपल्या 11 सप्टेंबरला सुरू होतं आणि सनही आपल्यापेक्षा 7-8 वर्षं मागे. घड्याळही सूर्याबरोबर चालतं: आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक वाजतो. आपल्या जुन्या माणसांना हे पटकन कळेल, घटका सूर्योदयापासूनच मोजायचे ना.

तिमकत येतो त्यांच्या ‘तिर’ महिन्याच्या 11 तारखेला. युरोपात पूर्वी जी ज्युलियन कालगणना होती तिच्यात हा दिवस 6 जानेवारीचा. 6 जानेवारी ही सगळ्याच ख्रिस्ती जगाची जुनी तारीख आहे. पश्चिमेकडच्या चर्चने त्या दिवशी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण धरला. गोव्यात रेइश मागुश, चांदर, कासावली इथे आजही 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं. पूर्वेकडच्यांनी बाप्तिस्मा धरला. 1582 मध्ये पोप ग्रेगरीने कॅलेंडर सुधारलं, ते इथियोपियाने घेतलं नाही. दोन्हींतलं अंतर वाढत वाढत आज 13 दिवसांचं झालंय. 6 अधिक 13, एकोणीस. आपलं लीप वर्ष असलं की त्यांचा पागुमे आदल्या सप्टेंबरात एक दिवसाने लांबलेला असतो, म्हणून तिमकत 20 तारखेला जातो. 2020 आणि 2024 ला तसंच झालं होतं.

हा हिशेब करताना एक तारीख डोळ्यांसमोर आली आणि मी थांबलो. 6 जानेवारी 1664.

बुऱ्हाणपूर दरवाजा

सुरतेतल्या मराठी माणसाला ही तारीख सांगायला नको. बुधवार, 6 जानेवारी 1664, सकाळी अकराच्या सुमाराला छत्रपती शिवाजी महाराज सुरतेच्या पूर्वेला बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन एका बागेत उतरले. नवापूर-नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता याच दिशेने निघायचा. तावर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने त्या रस्त्याचे मुक्काम लिहून ठेवलेत, त्यात बारडोली आहे, नवापूर आहे, नंदुरबार आहे. नवापूरच्या वासाच्या तांदळाची त्याने खास तारीफ केली आहे. आज आम्ही जिथे राहतो तो गोडादऱ्याचा भागही जुन्या शहराच्या पूर्वेच्याच अंगाला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून बसले, आणि 10 तारखेपर्यंत शहर मराठ्यांच्या हातात होतं. एवढं शाळेतच शिकलो.

शाळेत शिकलो नाही ते फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवलंय. त्याच सुमाराला इथियोपियाच्या राजाचे दोन वकील औरंगजेबाकडे जायला म्हणून सुरतेत येऊन पोहोचले होते. एक मुसलमान व्यापारी, दुसरा मुराद नावाचा आर्मेनियन ख्रिस्ती व्यापारी, मूळ अलेप्पोचा. बरोबर नजराणा: 25 गुलाम, 15 घोडे, दोन मोठे हस्तिदंत, कस्तुरीसारख्या सुगंधी द्रव्याने भरलेलं बैलाचं भलंमोठं शिंग आणि एक ‘पट्ट्यापट्ट्यांचं खेचर’, म्हणजे झेब्रा. यातलं बरंच वाटेतच संपलं. काही गुलाम दगावले, घोडे मेले, झेब्रा मेला तर त्याचं कातडं काढून आणलं. गुलामांना नजराण्यात हस्तिदंताच्या रांगेत मोजलंय, हे वाचताना कसंतरी होतं. मलिक अंबरही असाच विकत विकत दख्खनेत आलेला हबशी होता, हे आपण विसरतो.

वकील सुरतेत उतरतात न उतरतात तोच महाराजांची स्वारी आली. ते उतरले होते ते घर आगीत सापडलं. बर्निए लिहितो की त्यांच्यापाशी राहिलं ते एवढंच: राजाची पत्रं, काही गुलाम, अंगावरचा इथियोपियन पोशाख, जो मराठ्यांना नको होता, झेब्र्याचं कातडं आणि सुगंध आधीच काढून घेतलेलं रिकामं शिंग. नंतर दिल्लीत बर्निए आणि मुराद भेटले, म्हणून हे तपशील आपल्यापर्यंत आले. औरंगजेबाने वकिलांना खिलत दिली, रोख रुपये दिले आणि इथियोपियातल्या एका जुन्या मशिदीच्या दुरुस्तीसाठी वेगळे दोन हजार दिले.

आता तारीख. सुरतेचे इंग्रज त्या वेळी जुनीच ज्युलियन कालगणना पाळत होते, ती त्यांनी सोडली 1752 मध्ये. आपण पाठ केलेली 6 जानेवारी त्यांच्या वखारीच्या दप्तरातली आहे. मग त्या वर्षी तिमकत कधी होता? 1664 लीप वर्ष, त्यामुळे तिमकत एक दिवस पुढे, जुन्या गणनेच्या 7 जानेवारीला, गुरुवारी. हा हिशेब माझा, पण आकडे कोणीही पडताळून पाहावेत. म्हणजे महाराज बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर उतरले तो दिवस केतेरा होता, पाणी अडवायचा दिवस. आणि आर्मेनियन चर्च तर येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही एकाच दिवशी, 6 जानेवारीला पाळतं. मुरादच्या चर्चचा तो नाताळच. तिकडे गोंदरला राजाचे लोक ताबोत घेऊन पाण्याकडे निघाले असतील, आणि इकडे राजाची पत्रं छातीशी धरून त्याचा वकील तापीकाठच्या जळत्या शहरात.

स्वारी का झाली, ते पैसे कशाला लागले, शाहिस्तेखानाने तीन वर्षं मुलूख कसा उजाड केला होता, हे आपल्याला माहीत आहे. त्यात काही बदलत नाही. पण आपल्या अभिमानाच्या तारखेला त्या शहरात दूरदेशीचं एक माणूस सणाच्या दिवशी परकं होऊन उभं होतं, हे कळल्यापासून ती तारीख मला आधीसारखी वाचता येत नाही. गाव सोडून आलेल्याला हे जरा जास्त लागतं.

वकील पाठवणारा राजा कोण? फासिलिदेस, राज्य 1632 ते 1667. त्याच्या बापाने पोर्तुगीज पाद्र्यांचं ऐकून कॅथलिक पंथ घेतला होता. हे जेझुइट पाद्री आपल्या गोव्यातूनच तिकडे जात. त्यावरून देशात रक्तपात झाला, बापाने गादी सोडली, आणि फासिलिदेसने जुनं चर्च परत आणून पाद्र्यांना हाकललं. 1636 च्या सुमाराला त्याने गोंदर राजधानी केली. तिथल्या एका मोठ्या हौदाला आजही ‘फासिलिदेसचा हौद’ म्हणतात. मधोमध दुमजली दगडी इमारत, भोवतीच्या भिंतींवर वडासारख्या झाडांच्या मुळ्या उतरलेल्या. वर्षभर हौद कोरडा. तिमकतच्या आधी कहा नदीचं पाणी पाटाने आणून भरतात. व्हिडिओत आक्कांनी पाहिला तो हाच हौद.

सुट्टी आणि गर्दी

सुट्टीचा विषय निघाला म्हणून. मी पूर्वी इथल्या एका कारखान्यात हिशेब लिहायला होतो. कानबाईच्या सोमवारी रजा मागितली तर शेठ म्हणाले, “ये कौन सा त्योहार है?” एक दिवसाचा पगार कापला गेला. पोंगलला, छठला, रथयात्रेला सुरतेत हेच ऐकायला मिळतं, ज्याचा त्याचा अनुभव विचारा. सरकारी सुट्टी म्हणजे नुसता आराम नव्हे. त्या दिवशी रस्ता तुमचा असतो आणि पाण्याची, दिव्याची, पोलिसांची सोय करायला कोणीतरी बांधलेला असतो. सुरतेत गणपतीसाठी महापालिका कृत्रिम तलाव खोदते. कानबाई अजून बरीचशी ज्याने त्याने सांभाळायची.

सुट्टी असली म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. 20 जानेवारी 2020 ला गोंदरच्या त्या हौदापाशी प्रेक्षकांसाठी उभारलेला लाकडी मंच गर्दीच्या वजनाने कोसळला आणि किमान दहा माणसं गेली. युनेस्कोच्या यादीत नाव येऊन दीड महिनाही झाला नव्हता. बातमी वाचताना मला आमच्याकडे दहीहंडीला नि गणपतीला बांबूवर ठोकलेले मंच दिसले. 2023 पासून गोंदर ज्या अम्हारा प्रांतात आहे तिथे लष्कर आणि स्थानिक सशस्त्र गटांत लढाई चालू झाली, त्यामुळे बाहेरचे पर्यटक आटले. तरी ताबोत निघतातच.

अदिस अबाबात हा सण जान मेदा नावाच्या मैदानावर भरतो. कोणाला कामानिमित्त किंवा शिकायला जायचं असेल तर तारखा: 2027 ला 19 जानेवारी, मंगळवार. 2028 लीप वर्ष, म्हणून 20 जानेवारी, गुरुवार. दोन्ही वेळेला आदल्या दुपारपासूनच रस्ते बंद होतात, विमानतळाचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

हे सगळं मी आक्कांना एका संध्याकाळी सांगितलं. शिवाजी महाराजांचा भाग आला तेव्हा त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. “त्या माणसाचे कपडे नाही घेतले ना?” नाही घेतले, म्हटलं. मग त्यांनी मोबाइल मागितला, व्हिडिओतल्या एका बाईवर थांबवला आणि दोन बोटांनी पदर मोठा करून पाहिला. “काठ हातमागाचा आहे भाऊ,” त्या म्हणाल्या. “मागून धागे कापावे लागले नसतील.”